चहाच्या पेटीची किल्ली

श्रोतेहो, आपल्याकडे जुन्या घरातल्या कर्त्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. कोठीची किल्ली, दागिन्यांच्या पेटीची किल्ली, लोणच्याच्या कपाटाची किल्ली. अठराव्या शतकातल्या खात्यापित्या इंग्रज घरातली बाईही असाच जुडगा बाळगी, आणि त्यात एक इवलीशी किल्ली असे ती चहाच्या पेटीची. ही पेटी स्वयंपाकघरात नसे, दिवाणखान्यात असे. शिसवी किंवा महोगनी लाकडाची, आत दोन कप्पे, एकात काळा चहा, दुसऱ्यात हिरवा. या पेटीला इंग्रजीत जो शब्द आहे, 'कॅडी', तो मुळात मलाया देशातल्या 'काटी' या वजनावरून आला असे सांगतात. काटी म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण पन्नास तोळे.

आता तुम्ही म्हणाल, चहाला कसले आले कुलूप! आपण तर कोपऱ्यावरच्या हॉटेलातून पोऱ्याला हाक मारून चहा मागवणारे लोक. पण कुलूप का होते, हे पाहिले म्हणजे दुपारी चार वाजता पाहुण्यांना घरी बोलावून चहा पाजण्याची ती इंग्रजी रीत कशी तयार झाली, हेही बरेचसे उलगडते.

पहिले कारण किंमत. १६६० च्या सुमारास लंडनमध्ये गॅरवे नावाचा एक दुकानदार चहा विकत असे. त्याचा भाव होता पौंडाला सोळा शिलिंगांपासून पन्नास शिलिंगांपर्यंत. साध्या मजुराची दिवसाची कमाई त्या काळी शिलिंगभर. म्हणजे उत्तम चहाचा एक पौंड घ्यायचा तर गड्याला दीड-दोन महिने राबावे लागे, आणि तेवढे दिवस उपाशी राहावे लागे ते वेगळेच.

अशा वेळी १६६२ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ब्रागांझा ही दुसऱ्या चार्ल्स राजाची राणी होऊन इंग्लंडात आली. आपल्याला ही बाई माहीत आहे ती मुंबईमुळे. तिच्या लग्नाच्या तहात मुंबईचे बेट आंदण म्हणून लिहून दिलेले होते. राजाला त्या दलदलीच्या बेटाचे काही कौतुक वाटले नाही. १६६८ साली त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. पण राणीबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे चहा पिण्याची सवय. लिस्बनच्या वाड्यात चहा रोजचा होता, लंडनच्या दरबारात तो नवलाचा. बंदरावर उतरल्यावर तिने चहा मागितला आणि तिच्यापुढे बिअरचा पेला आला, अशी एक कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, राणी जे पिते ते सरदारांच्या बायका पिऊ लागल्या हे खरे. मुंबई आणि चहा या दोन्ही गोष्टी इंग्रजांच्या घरात एकाच नवरीच्या पावलांनी शिरल्या म्हणायला हरकत नाही. तेव्हा मोठी किंमत कोणालाच कळली नव्हती, ना मुंबईची ना चहाची.

दुसरे कारण सरकारी जकात. चहावर सरकारने असा काही कर बसवला की १७८४ च्या आधी तो शेकडा एकशे एकोणीसपर्यंत चढला होता. शंभराच्या मालावर एकशे एकोणीस कर! मग व्हायचे तेच झाले. किनाऱ्याकिनाऱ्याने चोरटा चहा उतरू लागला. भेसळ बोकाळली. कोणी दुसऱ्याच झाडाची वाळलेली पाने रंगवून विकी, कोणी मोठ्या घरच्या नोकरांकडून उकळून टाकलेला चोथा मागल्या दाराने विकत घेई, वाळवी आणि पुन्हा बाजारात आणी. १७८४ साली धाकट्या पिटने हा कर एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला. चोरटा धंदा बसला आणि चहा कारागिराच्या घरात पोचला. तरी किल्ली काही बाईच्या कमरेवरून उतरली नाही. सवय एकदा पडली म्हणजे कारण गेले तरी ती राहते, हे आपल्या घरांतही आपण पाहतोच.

आणि या किल्लीतूनच त्या रीतीची सर्वांत खास गोष्ट निघाली. इंग्रज श्रीमंताच्या घरी जेवण वाढायला नोकर, दार उघडायला नोकर, अंगरखा काढून घ्यायला नोकर. पण चहा मात्र यजमानीणबाई स्वतः करी आणि स्वतः ओती. नोकराच्या हाती चहा द्यायचाच नाही, म्हणून किल्ली तिच्याकडे. आणि किल्ली तिच्याकडे, म्हणून किटलीही तिच्यापुढे. नोकरांवरच्या अविश्वासातून निघालेली गोष्ट पुढे आदरातिथ्याची खूण झाली. गंमत आहे की नाही? पाहुण्याला वाटे, बाईंनी स्वतःच्या हाताने मला चहा दिला.

चहाबरोबर साखर आली. आणि साखरेबरोबर, श्रोतेहो, या दिवाणखान्यात एक फार मोठे भांडण आले. इंग्रजांची साखर येई वेस्ट इंडीज बेटांतून. तिथे उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून नेलेले गुलाम राबत आणि मरत. १७९१ साली गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव पार्लमेंटात आपटला, तेव्हा विल्यम फॉक्स नावाच्या गृहस्थाने एक छोटे पुस्तक छापले. त्यात त्याने वाण्याच्या हिशेबासारखा हिशेब मांडला होता. जे कुटुंब आठवड्याला पाच पौंड साखर खाते, त्याने एकवीस महिने साखर सोडली तर एका माणसाचा जीव गुलामगिरीपासून वाचतो. बस्स, एवढेच. मोठी तात्त्विक चर्चा नाही. तुमच्या पेल्यात किती चमचे आणि त्याचे किती माणूस, हे सांगितले.

हा हिशेब बायकांना पटला. त्यांना मत देण्याचा हक्क नव्हता, पार्लमेंटात जाता येत नव्हते. पण साखरेचे भांडे त्यांच्याच हातात होते. सुमारे तीन लाख माणसांनी तेव्हा साखर सोडली असा त्या काळचा अंदाज आहे. कल्पना करा, चार बायका बसल्या आहेत, चहा ओतला आहे, आणि यजमानीण साखर पुढे करत नाही. पाहुणी विचारते, का बरे? मग सांगावेच लागते. सभा नाही, व्याख्यान नाही, पण प्रचार झाला! पुढे १८२० च्या सुमारास ही चळवळ पुन्हा उठली, तेव्हा साखरेच्या भांड्यांवरच अक्षरे भाजून घेतलेली असत की ही साखर गुलामांनी केलेली नाही, ईस्ट इंडियाची आहे. ईस्ट इंडिया म्हणजे आपला देश. इथला ऊस तोडणारा कितपत मोकळा होता, हा प्रश्न त्या टेबलाशी फारसा कोणी विचारला नसावा. असो. गुलामांचा व्यापार १८०७ साली कायद्याने बंद झाला आणि ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी मोडण्याचा कायदा १८३३ साली झाला. त्याचे श्रेय इतिहासात पुष्कळांना दिले जाते. त्यात बिनसाखरेचा चहा पाजणाऱ्या त्या बायांचाही वाटा आहे.

येथवर चहा होता, यजमानीण होती, पण चार वाजले नव्हते. ती वेळ कशी ठरली ते आता सांगतो.

अठराव्या शतकाच्या मध्याला इंग्रज बडे लोक मुख्य जेवण दुपारी दोन-तीनला घेत. पुढे दिव्यांची सोय वाढली, कामाच्या वेळा बदलल्या, फॅशनही बदलली, आणि ते जेवण सरकत सरकत १८४० च्या सुमारास रात्री सात-आठवर गेले. मध्ये एक हलका फराळ, की मग रात्रीपर्यंत काही नाही. बेडफर्डची सातवी डचेस ॲना हिला दुपारी चार-पाचला अगदी गळून गेल्यासारखे होई, पोटात खड्डा पडे. तिने आपल्या खोलीत गुपचूप चहा आणि लोणी लावलेला पाव मागवायला सुरुवात केली. मग एकटीने पिण्यापेक्षा दोन मैत्रिणी बोलावल्या. फॅनी केंबल या नामांकित नटीने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, १८४२ साली बेल्व्हॉर किल्ल्यात ती पाहुणी होती, तेव्हा डचेसच्या खोलीत असे चोरून बोलावणे आले आणि दुपारच्या चहाची तिची पहिली ओळख तिथे झाली. म्हणजे प्रथम ही रीत म्हणजे रीत नव्हतीच, भूक लागली म्हणून केलेली चोरी होती. आपल्याकडे सासरी नव्या सुनेने डब्यातले दोन लाडू खावेत, तशी!

डचेसबाईंच्या किटलीतला चहा कोणता होता? तो चीनचा होता. आणि त्या चहाचे मोल कशात दिले जाई? या ठिकाणी जरा थांबले पाहिजे.

चीनला इंग्रजांचा माल फारसा नको होता. चांदी द्या आणि चहा न्या, असा तिथला रोखठोक व्यवहार. चांदी बाहेर चालली म्हणून कंपनी बेजार झाली. मग तिने उपाय काढला तो अफूचा. बिहार आणि बनारस प्रांतात शेतकऱ्यांकडून अफू पिकवून घ्यायची, कलकत्त्याला लिलावात विकायची, आणि खासगी व्यापाऱ्यांनी ती कॅंटनला चोरून उतरवायची. कारण चीनमध्ये अफूला बंदी होती. त्यातून येणाऱ्या चांदीने चहा घ्यायचा. कंपनीचे हात कोरडे! माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई. मुंबईतल्या कितीतरी मोठ्या पेढ्या या व्यापारावर उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तीतही अफूच्या व्यापाराचा मोठा भाग होता, आणि त्याच संपत्तीतून मुंबईला जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाशाळा मिळाली. एका बाजूला इंग्लंडचे सरकार चहावरच्या जकातीतून आपल्या उत्पन्नाचा सुमारे दहावा हिस्सा काढत होते. चहा थांबून चालणार नव्हते, म्हणून अफू थांबून चालणार नव्हती.

१८३९ साली चीनच्या बादशहाने लिन झेशू नावाचा करडा अधिकारी कॅंटनला पाठवला. त्याने वीस हजारांवर अफूच्या पेट्या जप्त करून चुना आणि मीठ घालून समुद्रात सोडल्या. त्याने व्हिक्टोरिया राणीला एक पत्रही लिहिले. आमच्याकडून तुम्ही चहा आणि रेवाचिनी नेता, जगाला उपयोगी पडणाऱ्या वस्तू नेता, आणि मोबदल्यात आमच्या लोकांना विष देता, हे कोणत्या न्यायाने, असा त्या पत्राचा आशय. ते पत्र राणीच्या हाती पडले नाही. त्या वेळी राणीच्या महालातल्या मानकरी स्त्रियांमध्ये एक कोण होती? बेडफर्डची डचेस ॲना. पत्राऐवजी उत्तर गेले ते तोफांचे. अफूचे ते युद्ध १८४२ साली संपले, चीनला हाँगकाँग द्यावे लागले, आणि त्याच वर्षी बेल्व्हॉर किल्ल्यात फॅनी केंबल पाहुणी होती. मी डचेसबाईंना दोष देत नाही. पावाला लोणी लावताना एवढा विचार कोण करतो? पण तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या म्हणजे दिसते ते दिसते.

पुढे रीत पसरली आणि तिचे नियम झाले. पाहुण्यांना रोज बोलवायचे नाही. बाईंच्या छापील कार्डावर आठवड्याचा एक वार लिहिलेला असे, त्या दिवशी दुपारी त्या घरी असत. ओळखीच्यांनी यावे, थोडा वेळ बसावे, उठावे. चहाला जेवणाचे उंच टेबल नाही, खुर्च्यांजवळची बुटकी टेबले. मातीची किंवा चांदीची चहादाणी प्रथम गरम पाण्याने विसळून तापवायची, मगच तीत पत्ती. माणशी एक चमचा आणि एक चमचा चहादाणीचा, हा घरोघरचा हिशेब. वर लोकरीची टोपी घालायची, म्हणजे ऊब राहते. पेल्यात उरलेला गाळ ओतायला वेगळे भांडे. पाहुण्याला विचारायचे, फिक्का की दाट, दूध किती, साखर किती. आणि एकदा सांगितलेले पुढच्या खेपेला लक्षात ठेवायचे. हे शेवटचे जिला साधे ती खरी यजमानीण.

खायला पातळ कापलेल्या पावात काकडीच्या चकत्या. काकडी त्या थंड मुलखात काचघरांतून जपून वाढवीत, म्हणून तिचा तोरा. मग स्कोन नावाचे खुसखुशीत पाव, त्यावर मुरंबा आणि दाट साय. साय आधी की मुरंबा आधी, यावर डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन शेजारच्या परगण्यांत वाद आहे तो आजही मिटलेला नाही. डेव्हनवाले साय आधी लावतात, कॉर्नवॉलवाले मुरंबा. शेवटी केक. तो एवढा फुगून हलका व्हायला लागला तो १८४३ नंतर, जेव्हा बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने बेकिंग पावडर काढली. त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे म्हणून त्याने हा उद्योग केला. आणि पेले? ते पांढरेशुभ्र, उजेडाला धरले तर बोटे दिसावीत इतके पातळ. त्या मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळतात. आमच्या सोवळ्यातल्या आजीला हे कळते तर तिने माजघरातली ती निळ्या फुलांची कपबशी चिमट्याने उचलून गल्लीत टाकली असती.

एक गैरसमज मात्र काढून टाकू. 'हाय टी' म्हणजे काही तरी उच्च दर्जाचा चहा असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तो गिरणीकामगारांचा आणि खाणकामगारांचा चहा. संध्याकाळी काम सुटल्यावर, जेवणाच्या उंच टेबलाशी बसून, मांस, बटाटे, पाव आणि वर कडक चहा. तेच त्यांचे जेवण. काकडीच्या चकत्यांवर खाणीतल्या माणसाचे काय भागणार?

दरम्यान चहाचा मुलूख बदलला. आसामच्या जंगलात चहा उगवतो ही माहिती मणिराम दिवाण यांच्याकडून रॉबर्ट ब्रूस याला १८२३ साली मिळाली. १८३९ च्या जानेवारीत आसामी चहाच्या पहिल्या आठ पेट्या लंडनच्या लिलावात विकल्या गेल्या. मणिराम दिवाणांनी पुढे स्वतःचे मळे घातले आणि १८५८ साली, उठावात सामील झाल्याबद्दल, इंग्रजांनी त्यांना जोरहाटला फाशी दिले. मळ्यांवर छोटा नागपुराकडून करारावर नेलेले मजूर राबले. करार मोडून पळणे हा फौजदारी गुन्हा होता. १८८८ च्या सुमारास इंग्लंडात हिंदुस्थानच्या चहाने चीनच्या चहाला मागे टाकले. हा चहा काळा, कडक, म्हणून दुधाशिवाय घशाखाली उतरेना.

आणि याच सुमारास तो पुण्यात पाहुणचार म्हणून येऊन उभा राहिला. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यान झाल्यावर इंग्रजी रीतीप्रमाणे चहा-बिस्किटे फिरली. कोणी प्यायले, कोणी यजमानांचा मान राखायला नुसता पेला हाती घेतला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापवून आणली. झाले! ख्रिस्त्याच्या हातचा चहा! ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. आपण काशीला प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांचे म्हणणे पडले. रानड्यांनी प्रथम दाद दिली नाही. पण मित्रमंडळींच्या घरी अडचणी होऊ लागल्या, तेव्हा त्यांच्यासाठी म्हणून १८९२ साली त्यांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारकांनी त्यांना त्याबद्दल खूप बोल लावला. रमाबाईंनी आपल्या आठवणींत तो प्रसंग सांगितला आहे, तो मुळातून वाचावा. घरातल्या माणसाला काय वाटले ते त्यात कळते.

चहाची किल्ली इंग्रज घरात पुन्हा एकदा बाहेर निघाली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४० च्या जुलैपासून चहाचे रेशन आले, माणशी आठवड्याला दोन औंस. म्हणजे आपले जेमतेम पाच तोळे. १९५२ च्या ऑक्टोबरापर्यंत ते चालले. बारा वर्षे घराघरातल्या बायका पत्ती मोजत राहिल्या आणि तरी पाहुणा आला की चहादाणी पुढे येई.

त्या दिवसांत, १९४६ च्या जानेवारीत, जॉर्ज ऑर्वेलने लंडनच्या एका संध्याकाळच्या पत्रात उत्तम चहा कसा करावा यावर एक लेख लिहिला. अकरा नियम. त्या दोन औंसांतून वीस पेले चांगला कडक चहा निघालाच पाहिजे, हा त्याचा हट्ट. चहा हिंदुस्थानचा किंवा सिलोनचाच हवा, चीनचा नको. दूध मागून घालावे. आणि साखर अजिबात नको. हा ऑर्वेल १९०३ साली आपल्या बिहारात मोतीहारीला जन्मला. त्याचे वडील तिथे सरकारी अफूखात्यात नोकरीला होते.